खेळण्यांचा रिव्ह्यू, पण अंगणवाल्या घरांसाठी

आधीच सांगून ठेवते, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हा रिव्ह्यू अर्धाच कामाचा आहे. आमचं घर अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर तालुक्यात, खेड्यात. अंगण मातीचं, पुढे ओटा, मागे गोठा, लाईटचा काही नेम नाही आणि तीन भावांचे मिळून पाच लेकरं एकाच वाड्यात, सगळ्यात लहानं दहा महिन्याचं आणि मोठी बारा वर्षांची. त्यामुळे एक खेळणं आणलं की ते एकाचं राहतच नाही, संध्याकाळपर्यंत पाचही जणांच्या हातून जातं, मग शेजारचे पोट्टे येतात, मग ते मातीत जातं, कधी गोठ्यात जातं, आणि रात्री ओट्याखाली सापडलं तर सापडलं. ऑनलाईन जे रिव्ह्यू असतात ना, "डिलिव्हरी छान, मुलाला खूप आवडलं, पाच स्टार", ते डबा उघडल्या उघडल्या लिहिलेले असतात. डबा उघडल्यावर लेकराला काहीही आवडतं हो. माझं मत असं की खेळण्याचा रिव्ह्यू एक पावसाळा गेल्यावर लिहावा. म्हणून हे आता लिहितेय.

सुरुवात लाकडी नंदीपासून, कारण आमच्याकडे पहिला नंबर त्याचाच आणि दुसरा नंबर बराच लांब आहे.

विदर्भाबाहेरच्या लोकांना थोडक्यात सांगते. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पाडव्याला तान्हा पोळा असतो, लेकरांचा पोळा. मोठ्यांचे खरे बैल, लेकरांचे लाकडी, खाली चार चाकं, गळ्यात घुंगरू, शिंगाला बेगड, पाठीवर झूल. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगतात, आणि वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर पाहायला लांबून लोक येतात, तिथे माणसाएवढे नंदी ओढत आणतात. आमच्या गावात तसं काही भव्य नाही, मारोतीच्या पारापाशी तोरण बांधतात, नंदी ओळीनं उभे करतात, सजावटीला बक्षीस म्हणून वही-पेन देतात आणि मग पोट्टे घरोघरी नंदी घेऊन फिरतात बोजारा मागत. कोणी दहा रुपये देतं, कोणी चॉकलेट.

आता रिव्ह्यूचा मुद्दा. नंदी घेताना सगळे रंग पाहतात, डोळे पाहतात, शिंगं पाहतात. आमच्या गावचे सुतारकाका म्हणतात, "बाई, बैल तं सगळेच सारखे, तू चाक पाय." आणि हे शंभर टक्के खरं आहे. बाजारात दोन प्रकारचे नंदी येतात. एकात चाक नुसतं खिळ्यानं पाटीला ठोकलेलं असतं, ते पहिल्या दिवशी छान फिरतं, पण खिळा फिरून फिरून चाकाचं भोक मोठं होतं, चाक हलायला लागतं, मग तिरपं चालतं आणि एक दिवस निघून पडतं आणि खिळा तसाच बाहेर राहतो, तो लेकराच्या पायात. दुसऱ्यात पाटीच्या खालून आरपार आस घातलेली असते आणि चाकाच्या बाहेरून खुंटी. हा पन्नास-शंभर रुपये महाग पडतो पण हाच घ्या. खुंटी तुटली तर घरी चाकूनं दुसरी करता येते, आमच्या आबाजींनी, म्हणजे लेकरांच्या आजोबांनी, कितीदा केली असेल. सागवानाचा असेल तर उत्तमच, परतवाड्याला लाकडाचे डेपो असल्यामुळे आमच्या भागात सागाचे तुकडे सुतारांना मिळतात. आडजात लाकडाचा नंदी पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात, चालतो पण दिसायला जातो.

रंगाबद्दल एक. दीड-दोन वर्षाचं लेकरू नंदीची शिंगंच चावतं, सगळ्यांचं हेच असतं. त्यामुळे इतक्या लहानासाठी बिनरंगाचा घ्यायचा, सुतार देतात सांगितलं तर, आणि घरी खोबरेल तेल चोळायचं. चांगला काळपट चमकतो. बाजारातला ऑइलपेंटचा नंदी तीन वर्षांच्या पुढच्याला ठीक.

आणि याची खरी खुबी म्हणजे वय. एकच नंदी वर्षाचं लेकरू धरून उभं राहतं, दोन वर्षाचं दोरी बांधून ओढतं, चार वर्षाचं त्याला चारा खाऊ घालतं आणि "हा आजारी हाय" म्हणून त्याच्या पायाला पट्टी बांधतं, आठ वर्षाचा त्याच्यामागे काड्यांचा बंडा, म्हणजे बैलगाडी, करून जुंपतो. एवढ्या वर्षांत बॅटरी लागली नाही, चार्जर लागला नाही. दहापैकी दहा. एकच कमी म्हणजे टाइल्सवर आवाज फार करतो.

मागच्या वर्षी धाकट्या जावेच्या भावानं शहरातून दिवे लागणारा, गाणं म्हणणारा प्लास्टिकचा बैल पाठवला. लेकरं दोन दिवस वेडी झाली. त्यानंतर त्या बैलाच्या गाण्यानं आबाजीच वेडे व्हायची पाळी आली, "बंद करा बाप्पा थे, म्हशी दूध चोरून रायल्या." तिसऱ्या आठवड्यात आवाज घोगरा झाला, मग बंदच. पेचकस घेऊन उघडला तर आतमध्ये एवढीशी वायर तुटलेली, जोडायला गेलं की दुसरी तुटते. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळेच तसे असतात. दहापैकी दोन, ते पण दिव्यांचे.

आता डब्यावरच्या वयाचं बोलते, कारण यावर घरात भांडणं झाली आहेत. डब्यावर "३+" लिहिलेलं असतं किंवा एक गोल चेहरा, त्यावर ०-३ आणि लाल काट असते. लोकांना वाटतं म्हणजे तीन वर्षांच्या आत लेकराला हे समजणार नाही. मग आजी म्हणते, आमचा बाबू लय हुशार हाय, त्याले समजते. अहो आजी, समजण्याचा प्रश्नच नाही. ते चिन्ह घशासाठी आहे. तीन वर्षांच्या आतल्यांच्या खेळण्याचा एकही सुटा तुकडा ३१.७ मिलिमीटरच्या एका ठरावीक नळीत पूर्ण बसला नाही पाहिजे असा नियम असतो, तेवढं साधारण लहान लेकराच्या घशाचं माप धरलेलं. दहाचं नाणं घ्या, त्यापेक्षा जरासं रुंद. त्यात जे जातं ते घशात जाऊ शकतं. कंचे, चिंचोके, सोंगट्या, जेसीबीचं निघालेलं चाक, सगळं जातं. म्हणून आमच्या घरात नियम असा की मोठ्यांचं बारीक सामान ओट्यावरच्या फळीवर, खाली नाही. पाळला जातो का, तर रोज नाही, पण निदान ओरडायला कारण राहतं.

सगळ्यात लहानं जे दहा महिन्याचं आहे त्याचं आवडतं खेळणं स्टीलची वाटी आणि चमचा आहे, त्याचा रिव्ह्यू काय लिहू. बाजारातले दहा-वीस रुपयाचे खुळखुळे मात्र बघून घ्या. दोन अर्धे भाग चिकटवलेले असतात, त्या जोडावर अंगठ्यानं जोरात दाबायचं, करकर वाजलं तर ठेवून द्यायचं, कारण एकदा आपटलं की उघडतो आणि आतले मणी बाहेर. जोड नसलेला, लाकडाचा कातलेला खुळखुळा मिळाला तर तो घ्या. कर्नाटकात चन्नपट्टणचे असतात, कातावर फिरवता फिरवता त्यावर लाखेचा रंग चढवतात, ऑनलाईन मिळतात. आम्ही मागवला होता, रंग गेला नाही, दात उमटले फक्त. अगदी तान्ह्या बाळाला तर ते सुद्धा नको, पहिल्या एक-दोन महिन्यांत त्याला वीतभर-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं आणि फिके रंग कळत नाहीत, काळं-पांढरं कळतं. माझ्या सासूबाईंनी जुन्या लुगड्याच्या काळ्या आणि पांढऱ्या कापडाच्या चिमण्या शिवून पाळण्यावर टांगल्या होत्या, बाळ तिकडेच पाहत राहायचं. खर्च शून्य.

वॉकर. यावर जरा थांबते. गोल, मध्ये बसायला झोळी, खाली सहा-आठ चाकं, पुढे गाण्याचे बटणं. बारशाला किंवा पहिल्या वाढदिवसाला कोणीतरी आणतंच. कृपा करून आणू नका. कॅनडात तर २००४ पासून याच्या विक्रीवरच बंदी आहे, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पण बंदी मागतात, आणि तिथे तर सपाट घरं. आपल्याकडे प्रत्येक खोलीला उंबरठा, ओट्याला तीन पायऱ्या, मधोमध चूल किंवा शेगडी. लेकरू चाकांवर सेकंदात कुठल्या कुठं जातं, स्वतःच्या पायानं ते इतकं जाऊच शकलं नसतं. वरून चालायला लवकर शिकतं हे पण खोटं, उलट उशीर होऊ शकतो, कारण तोल धरायची गरजच पडत नाही, आणि स्वतःचे पाय दिसत नाहीत. जुना पांगुळगाडा घ्या ना, तीन चाकांचा, लेकरू उभं राहून ढकलतं. तो उंबरठ्याला अडतो, आणि अडतो हेच चांगलं. पांगुळगाड्यात एकच पाहायचं, तो हलका नको. हलका असला की लेकरानं दांडा धरून उभं राहायचा जोर लावला की मागे उलटतो. आम्ही त्याच्या पाटीवर वीट बांधली आहे, दिसायला भंगार, काम चोख.

दोन ते सहा वर्षांच्या पोट्ट्यांसाठी सध्या जगात दोनच गोष्टी आहेत, ट्रॅक्टर आणि जेसीबी. गावात खरा जेसीबी आला, नाला खोल करायला किंवा पांदण रस्त्याला, की अर्धं गाव बघायला उभं असतं, तर लेकरांचं काय सांगावं. दुकानात तीन प्रकार मिळतात. एक, मागे ओढून सोडला की पळणारा. सेंटी कंपनीचे असे छोटे ट्रॅक्टर, ऑटो, एसटीसारख्या बस चांगल्या येतात, आपल्याकडच्याच गाड्यांसारखे दिसतात म्हणून पोरांना ओळखीचे वाटतात. पण हा प्रकार मुळात घरातल्या फरशीचा आहे. आतमध्ये स्प्रिंग आणि बारीक दातेरी चाकं असतात, माती गेली की संपलं, मग कितीही चांगला असो. दोन, रिमोटचा, याच्याबद्दल वर बैलाचं लिहिलं तेच समजा, फक्त किंमत चौपट. तीन, बिनयंत्राचा, जाड प्लास्टिकचा मोठा, नुसता ढकलायचा, मागे ट्रॉली. दुकानदार हा कोपऱ्यात ठेवतो कारण यात काही "चालत" नाही. हाच घ्या!

आमच्याकडचा असा ट्रॅक्टर सरकी वाहून झाला, तुरीच्या शेंगा वाहून झाला, कुत्र्याचं पिल्लू पण बसवून झालं. चाकाची आस लोखंडी तार आहे का बघा, प्लास्टिकची असेल तर वाकते. ट्रॉलीचा हूक पहिला तुटतो हे धरूनच चाला, आम्ही तिथे सुतळी बांधली. जेसीबीमध्ये पुढचं फावडं आणि मागचा पंजा दोन्ही हातानं वरखाली होतात असा बघा, आणि सांध्याला स्क्रू असावा, नुसतं दाबून बसवलेलं नको, स्क्रू सैल झाला तर आवळता येतो. पाच जणांत दोन जेसीबी लागतात हा आमचा अनुभव, एकात शांतता नांदत नाही.

मुलींना भातुकली आणि मुलांना जेसीबी असं आमच्याकडे काही राहिलं नाही, कारण आमची चार वर्षाची सगळ्यात जास्त जेसीबी चालवते आणि तिचा सात वर्षाचा भाऊ तिला चहा करून देतो. स्टीलची भातुकली घेत असाल तर कडा बोटानं फिरवून पाहा, स्वस्तातल्या सेटच्या कडा पत्र्यासारख्या कापतात. मातीची बोळकी, चूल कुंभाराकडून संक्रांतीच्या आसपास मिळते, फुटते, पण फुटल्यावर मन दुखत नाही.

ठोकळे. लेगो महाग आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण १९५८ सालची वीट आजच्या विटेत बसते म्हणतात ते खरं आहे, माप इतकं अचूक ठेवतात. स्वस्तातले लोकल ठोकळे पहिल्या महिन्यात इतके घट्ट की लेकराला दातानं काढावे लागतात, नंतर इतके सैल की मनोरा उभा राहत नाही. लहानांसाठी मोठाले ठोकळे घेतले तर लोकलमध्येही भागतं. बारीक ठोकळ्यांमध्ये मात्र लोकल घेऊ नका, त्यापेक्षा सुताराकडून लाकडाचे कटपीस आणा आणि सँडपेपर मारा.

आठच्या पुढचे. इथे कॅरम, विषय संपला असता, पण पावसाळा मध्ये येतो. पातळ प्लायचा बोर्ड दमट हवेत मधोमध फुगतो, मग सोंगटी आपोआप एका बाजूला घरंगळते आणि जो त्या बाजूला बसतो तो जिंकतो, आमच्याकडे त्या जागेसाठी मारामारी होते. थोडा जाड घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकतो, आडवा ठेवा किंवा खुंटीला टांगा. बोरिक पावडर लहान्यांच्या तोंडात जाऊ देऊ नका, हे कोणी सांगत नाही.

क्यूब आमच्या मोठीला फार आवडला. एर्नो रुबिक नावाच्या हंगेरीच्या माणसानं १९७४ मध्ये केला, आणि कसाही बिघडवला तरी जास्तीत जास्त वीस वळणांत लागतो हे २०१० मध्ये कॉम्प्युटरनं सिद्ध केलं. आमच्या मोठीला वीस नाही, पार शंभरच्या वर लागतात, पण लागतो. यात्रेतला तीस रुपयाचा घेऊ नका, अडकतो, लेकराला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि सोडून देतं. दोनशे-अडीचशेचा, मऊ फिरणारा घ्या. तोटा एवढाच की एका वेळी एकच खेळतो, बाकीचे चार जण त्याच्या डोक्यावर.

नट-बोल्ट आणि लोखंडी पट्ट्यांचा मेकॅनिक्ससारखा सेट नऊ-दहाच्या पोराला भारी, पण अंगणात उघडू नका. नट मातीत जातात. आबाजी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून अंगणात फिरवतात, नटासोबत बैलाच्या नालेचे खिळे पण निघतात, आणि तो वेगळाच खेळ होऊन बसतो.

पण या वयासाठी सगळ्यात जास्त पैसे वसूल कशात झाले असतील तर काड्यापेटीत. अरविंद गुप्तांचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये होते, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, टाकाऊ वस्तूंची विज्ञान खेळणी करतात. त्यांच्या साईटवर सगळं फुकट आहे, मराठी व्हिडिओ पण आहेत. काड्यांचं डोकं खरवडून टाकायचं आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी असते ना, तिचे बारीक तुकडे करून काड्या जोडायच्या. मोठीनं आधी चौकोन केला, बोटानं दाबला तर तिरपा झाला. मग त्रिकोण केला, दाबला तर हलेना. तिनं विचारलं काहून, तर आबाजींनी काही न बोलता तिला गोठ्यात नेलं आणि टिनाखालची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा सांगाडा, दाखवली, सगळे त्रिकोणच त्रिकोण. ती त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक शेडची कैची मोजते. सायकलच्या दुकानात नळी मीटरवर मिळते, दहा-वीस रुपयात महिनाभर चालते. दहापैकी साडेनऊ, अर्धा मार्क नळी कापताना ब्लेड लागतं म्हणून कापला, ते मोठ्यांनी करायचं.

आता काय आणूच नका. यात्रेत अंधार पडला की चमकणारे भवरे, बोटात घालायच्या लाईटच्या अंगठ्या, उडणारे दिवे येतात, त्यात नाण्यासारखा बारीक सेल असतो आणि त्याचं झाकण नखानं निघतं. तो सेल लेकरानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजून काढतो. आमच्यासारख्या गावातून रात्री एक्स-रे असलेल्या दवाखान्यात पोहोचायलाच तेवढा वेळ जातो. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नका, गाडी काढा. तसंच बारीक चुंबकाच्या गोळ्या, दोन वेगवेगळ्या वेळी गिळल्या तर आतड्याच्या भिंतीआडून एकमेकीला धरतात. आणि ते पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत मणी, पोटात पण फुगतात.

दिवाळीतली कार्बाइडची बंदूक खेळणं म्हणून विकतात ते तर कहरच. प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी, त्याचा गॅस होतो, लायटरनं पेटवायचा. शेतात वांदरं-डुकरं हाकलायला लोक वापरतात म्हणून घरात ती पडलेलीच असते आणि पोट्टे उचलतात. वाजली नाही की पाइपात वाकून बघतात, आणि तेव्हाच वाजते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, म्हणजे आमच्या बैतूल रोडच्या पलीकडेच, कितीतरी लेकरांचे डोळे गेले यानं.

खरेदीचं थोडं. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांच्या आतल्यांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्कच्या खाली सीएम/एल आणि पुढे नंबर असतो, तो सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी खरी का खोटी ते निघतं. दुकानात उभं राहून मी टाकते, दुकानदार नाराज होतो, होऊ दे. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यावर मार्क नसला म्हणजे ते खराबच असं नाही, तिथे आपलं बोट आणि नाक वापरायचं, लाकडाची कूस टोचते का, रंगाचा वास येतो का. ऑनलाईन मागवलं तर आमच्या पिनकोडवर यायला आठवडा आणि परत न्यायला कोणीच येत नाही, म्हणून महागाचं काही असलं तर परतवाड्याला जाऊन हातात घेऊनच घेते.

आमच्या भागातली बहिरमची यात्रा २० डिसेंबरला सुरू होऊन पार जानेवारीभर चालते, लोक हंडीचं मटण आणि रोडग्यांसाठी जातात, आम्ही त्यासोबत खेळण्यांसाठी. सुरुवातीच्या रविवारी जाऊ नका, भाव चढे असतात आणि गर्दीत लेकरू जे धरेल ते घ्यावं लागतं. शेवटच्या आठवड्यात मधल्या वारी जा, दुकानदारांना माल परत न्यायचा नसतो. नंदी मात्र यात्रेत शोधू नका. तो तान्हा पोळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सुताराकडे अर्ध्या भावात मिळतो, वर्षभर माळ्यावर ठेवला तरी काही होत नाही. यंदाचा एक मी असाच घेऊन ठेवलाय, आस आरपार, रंग नाही, दोनशे रुपये.